बांधणाऱ्यानंच सोडायचं

आम्ही रस्त्यावर राहत होतो. हे बोलायची रीत म्हणून लिहीत नाही, खरोखरच राहत होतो. माझे आईवडील खानापूरच्या बाजूला रस्त्याच्या कामावर होते. जिथे काम, तिथे पत्र्याचं खोपटं. काम पुढे सरकलं की खोपटंही सरकायचं. आई खडी वाहायची, बाबा डांबराच्या टाकीपाशी असायचे. मार्चपासून पत्रा असा तापायचा की आत ठेवलेल्या घागरीतलं पाणी तोंडात धरवत नसे. म्हणून दिवसा आमचं घर म्हणजे जवळचं झाड. मी सहा-सात वर्षांची असताना एका मोठ्या चिंचेखाली आम्ही दोन उन्हाळे काढले. चूल तिथे, धाकट्या परशरामचा पाळणा फांदीला, माझी पाटी बुंध्याला टेकवलेली. मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि ती चिंच तोडायचं काम बाबांच्याच टोळीकडे आलं. करवतीचं एक टोक बाबांच्या हातात होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. त्या उन्हाळ्यात परशराम ऊन लागून मरता मरता वाचला.

झाड तोडल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा भाकरी घेऊन नेहमीच्या जागी जाऊन बसले. तिथे आता बुंधा होता आणि ऊन होतं. टोळीतली माणसं हसली. आई म्हणाली, "अहो, हिकडं या की पत्र्याआड." बाबा म्हणाले, "सावलीत बसूलालोय की." आम्ही पुढच्या गावाला गेलो, त्याच्या पुढच्या गावाला गेलो, बाबा दुपारची भाकरी उन्हातच खात राहिले. लोक त्यांना उन्हातला भैरू म्हणत.

मी शिकले. आमच्या घरात दहावी झालेली पहिली, कॉलेजात गेलेली पहिली, इंजिनिअर झालेली पहिली. असं सांगताना लोक आधी म्हणतात की मोठेपणासाठी सांगत नाही. मी मोठेपणासाठीच सांगते. येल्लोजीराव अण्णा त्यावरून मला 'इंजिनिअर अक्का' म्हणत, आणि त्या म्हणण्यात अर्धा मान असे आणि अर्धी टवाळी. लिहायचं आहे ते या अण्णांबद्दल. पण चिंचेपासून सुरुवात केल्याशिवाय ते कोण होते हे मला सांगताच येत नाही.

बेंगळूरला नोकरी लागली, आणि काही वर्षांनी हेब्बाळच्या तळ्यामागच्या एका गल्लीत मी जुनं घर घेतलं. तोवर आई गेली होती. बाबांना झटका येऊन गेला होता; उजवा हात निकामी झाला होता आणि बोलणं चार शब्दांवर आलं होतं. घर पाहताना मला सगळ्यांत आवडला तो मागचा डेक. आधीच्या मालकाने परसात जमिनीपासून गुडघाभर उंच, लाकडी फळ्यांचा ऐसपैस ओटा करून घेतला होता. मनात म्हटलं, बाबांना इथे बसवायचं. घर घेतलं ऑक्टोबरात. मार्चमध्ये कळलं की डेक म्हणून आपण तवा विकत घेतलाय. पश्चिमेची भिंत तापायची, फळ्या तापायच्या, अनवाणी पाय टेकवत नसे.

आणि बाबा रोज दुपारी बारा वाजता डाव्या हाताने खुर्ची ओढत तिथे जायचे. जागा ठरलेली. मधोमध नाही, डाव्या अंगाला, भिंतीपासून चार पावलांवर. डोक्याला टॉवेलसुद्धा न गुंडाळता तीन वाजेपर्यंत तिथे बसायचे. "बाबा, आत चला." "सावलीत हाय की मी."

मी सगळं करून पाहिलं. मोठी छत्री आणून त्यांच्यावर उभी केली, तर ती त्यांनी ढकलून पाडली. "काढ हे. माझी सावली अडतीया." हिरवी जाळी बांधली; तिच्या खालच्या गाठी त्यांनी डाव्या हाताने एकेक करून सोडल्या. बांबूच्या चिका लावल्या, भिंतीला चुना दिला, कुंड्या मांडल्या, सकाळ-दुपार फळ्यांवर पाणी मारलं. डेकचा उजवा भाग खरंच गार झाला. तिकडे शेजारची मांजर झोपायची. बाबा उन्हात. मोबाइलवर सूर्याची वाट दाखवणारं ॲप घेऊन मी कोन मोजत होते, आणि एप्रिलमध्ये दोनदा मला त्यांना बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर हाती लागतील असं समजू नका. परशराम गावाहून फोनवर म्हणाला, "दाराला कुलूप घाल, अक्का. न्हाईतर हिकडं आणून सोड, खोलीत ठेवतो." ज्या माणसाने उभं आयुष्य चार भिंतींबाहेर काढलं, त्याला माझ्याच घरात कोंडायचं, नाहीतर उन्हात गमवायचं. मला तिसरं काही दिसत नव्हतं.

मराठी मंडळातल्या एका काकूंनी येल्लोजीरावांचा नंबर दिला. शिवाजीनगरात बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं कॅनव्हास शिवायचं दुकान होतं. पिढ्यान् पिढ्या बेंगळूरचे मराठे. घरात मराठी, पण कन्नडच्या पाण्यात भिजलेली. मी फोन केला.

"नमस्कार, घरामागे छप्पर घालून पाहिजे होतं."

"चप्पर? घालू की. कधी पाहिजे?"

"जितकं लवकर होईल तितकं."

"सरी, ठीक. माणूस किती?"

मला वाटलं, बसणारे किती ते विचारतायत. "तसं मुख्य माणूस एकच. माझे वडील."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "सरी अक्का. उद्या येतो. तुम्ही काही करू नका, सगळं आम्ही आणतो."

दुसऱ्या दिवशी, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, बरोबर बाराला दारात टेम्पो थांबला. त्यात हिरवे बांबू आणि नारळाच्या ताज्या झावळ्या. पुढे एक उंच, वाळका म्हातारा. पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली लुंगी, कानावर खडू. चपला त्यांनी फाटकाबाहेरच काढल्या, हात जोडले आणि खाली मान घालून विचारलं, "कधी झालं, अक्का?"

"काय कधी झालं?"

"यजमानांचं."

यजमान म्हणजे घरचे कर्ते, बाबा, एवढं कळलं; पुढचं काही उमगेना. मी त्यांना मागे घेऊन गेले. डेकवर बाबा खुर्चीत ताठ बसले होते. येल्लोजीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग टेम्पोच्या दिशेने पाहिलं. आमचं छप्पर म्हणजे घरावरचं. इथलं चप्पर म्हणजे मांडव. तो लग्नाला घालतात, नाहीतर घरात कुणी गेल्यावर; कापडाबरोबर अण्णा तेही काम करत. मी सांगितलं होतं की माणूस एकच, आणि घाई आहे.

मला हसू आलं. मी म्हटलं, "अण्णा, चूक माझी. भाडं घ्या आणि हे सगळं परत न्या. मला कापडाचं करून हवंय."

ते हसले नाहीत. "परत नाही न्यायचं, अक्का. ज्याच्या नावानं झावळी तोडली त्याला सावली न देता ती परत फिरली, तर तिला वाट कळते. मग ती पुन्हा येते." पुढे अगदी सहज, भाजीबद्दल बोलावं तसं म्हणाले, "नावावर आलंच आहे तर जित्या माणसाला घालू. स्वल्प थांबा. पाच-दहा मिनिटं काही बोलू नका."

आणि ते डेकच्या कडेला अनवाणी उभे राहिले. मला त्या फळ्यांवर चपलेतूनही झळ लागत होती. त्यांचे पाय हलले नाहीत. नंतर कळलं की ही त्यांची सवय होती. ते कधीही आधी वर बघत नसत. बाकीचे कारागीर येऊन आभाळ बघायचे, भिंत बघायचे, टेप काढायचे. हे खाली बघत. "वर काय आहे? वर रिकामंच आहे. काम खाली पडतं," असं म्हणायचे.

बेंगळूरला एप्रिलच्या शेवटी एक दिवस असा येतो की मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाखाली गडप होते. इंजिनिअर म्हणून मला हे ठाऊक होतं. तो दिवस आज आहे, हे माझ्या डोक्यात नव्हतं. साडेबाराला थोडा अवकाश होता. बांबूची सावली आखडत गेली. कुंड्यांची गेली. माझी माझ्या पायात शिरली. गल्लीतला आवाजही कुणी काढून घेतल्यासारखा झाला. तळ्याकडून पाणकोंबडीचं ओरडणं येत होतं, तेही थांबलं.

"आता कुणालाच सावली नाही," येल्लोजीराव पुटपुटले. "आता बघायचं, कुणाची उरली आहे."

कानावरचा खडू काढून ते फळ्यांवर उकिडवे बसले आणि मागे सरकत सरकत एक रेघ ओढू लागले. लख्ख उन्हात, जिथे काही म्हणजे काहीच नव्हतं, तिथे. रेघ आत वळायची, बाहेर फुगायची, एका ठिकाणी हाताच्या बोटांसारखी फाटायची. एकदाही खोडली नाही की अडखळली नाही. समोर ठेवलेल्या वस्तूची कड धरून मूल चित्र गिरवतं, तसं चाललं होतं. वळसा पूर्ण झाला. बरोबर मध्ये बाबांची खुर्ची होती.

मी त्यांना बाबांबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"यजमानांना उठवू नका," ते म्हणाले. "सावलीतच बसलेत."

माझं डोकं फिरलं. घरात एक जण असं बोलतो ते पुरे होतं. मी म्हटलं, "अण्णा, मी शिकलेली बाई आहे. माझा बाप उन्हाने मरायला टेकलाय आणि तुम्ही हे काय लावलंय?"

"सरी. शिकलाय ना? मग हात लावून बघा. हाताला कॉलेज लागत नाही."

मी रेघेच्या बाहेर हात टेकला आणि चटकन उचलला. रेघेच्या आत टेकला, तर तिथे ठेवता आला. गार नव्हतं, पण ठेवता आला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. मी म्हटलं, "खाली ओल असेल."

"असेल की. कुणाची ओल आहे ते बघू."

त्यांनी पहारीने तीन फळ्या उचकटल्या. बाबांनी खुर्ची हलवली नाही. फळ्या त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर निघाल्या. खाली अंधार होता, आणि अंधारात एक रुंद बुंधा. होंगे, म्हणजे आपला करंज. आधीच्या मालकाने तो जमिनीलगत कापून वर डेक ठोकला होता. बुंध्याच्या कडेने फुटवे आले होते. किती वर्षं उजेड मिळाला नव्हता कुणास ठाऊक. ते पांढरे होते, आजारी माणसाच्या बोटांसारखे पांढरे, आणि फळ्यांच्या पोटाला टेकून फटी शोधत सगळ्या बाजूंना पसरले होते. टोकांना नखाएवढी फिकट पानं. रेघ जिथे फाटली होती, त्याच्या बरोबर खाली फुटवे फाटले होते.

बाबा वाकले. चार शब्दांपलीकडे न जाणारा माझा बाप त्या खड्ड्यात बघून बोलू लागला. "जित्तं हाय. मी तोडलं तरी जित्तं हाय."

"हे तुम्ही तोडलं नाही, यजमान," येल्लोजीराव म्हणाले.

"मीच तोडलं. पोरगं झोपलेलं पाळण्यात. पाळणा सोडला आन् तोडलं."

चिंच पडली त्या दिवसाबद्दल बाबा कधी बोलले नव्हते. आईपाशीसुद्धा नाही, असं मला वाटतं. येल्लोजीराव त्यांच्या पायाशी बसले, तंबाखूची डबी पुढे केली आणि म्हणाले, "मग बसा इथंच. तुम्ही बसता म्हणून याला धीर आहे. पण उन्हात बसून त्याला काय मिळतंय? तुम्ही गेलात तर ते कुणासाठी वर येईल?"

बाबांनी डाव्या हाताने चिमूट उचलली. तीन वाजायच्या आत त्यांच्या डोक्यावर बांबू आणि हिरव्या झावळ्यांचं चप्पर उभं राहिलं, मरणासाठी आणलेलं. बाबांनी ते ढकललं नाही. वर बघून एवढंच म्हणाले, "झाडाचं हाय."

त्या झावळ्या आठ दिवसांत वाळल्या. तोवर येल्लोजीरावांनी कापड शिवलं. मला वाटलं होतं चौकोनी येईल. ते आलं खडूच्या रेघेच्या आकाराचं, तसंच फुगलेलं आणि तसंच फाटलेलं, आणि मध्ये एक भोक, त्याला कडेपर्यंत सुटणारी चीर. कापड दोन पदरी, दोन पदरांमध्ये वीतभर पोकळी. "एका पदराखाली बसलं की पदरच तापून डोक्यावर बसतो. दोन असले की वरचा ऊन खातो, खालचा वारा." रंग ताकासारखा. मी गडद हिरवा मागितला होता. "गडद कापड सगळं आत घेतं आणि रात्री ओकतं, अक्का. तुमच्या हापिसातल्या माणसासारखं." पश्चिमेच्या बाजूला त्यांनी कापड खाली झुकवलं, पण भिंतीपासून हातभर सुटं ठेवलं, म्हणजे भिंतीची वाफ वर निघून जाईल. पाणी फळ्यांवर मारू नका, फळ्यांखालच्या मातीला द्या, असं बजावलं. हे सगळं मी नंतर तपासून पाहिलं. सगळं बरोबर होतं. त्या डेकवर मी ॲपच्या मदतीने केलेलं काहीच उरलं नाही, ते मी स्वतः काढून टाकलं.

मधल्या तीन फळ्या त्यांनी पुन्हा ठोकल्याच नाहीत. फुटव्यांना उजेड दिसला. बाबांची खुर्ची भोकाच्या कडेला सरकली, आणि ती तिथे सरकवायला कुणाला सांगावं लागलं नाही.

जाताना येल्लोजीरावांनी चार कोपऱ्यांच्या चार गाठी मला दाखवल्या. माणसाच्या डोक्याच्या वर दोन हात, भिंतीतल्या आणि खांबांवरच्या पितळी कड्यांना. "वारा आला, पाऊस आला, हात लावायचा नाही. फाटलं तरी नाही. बांधणाऱ्यानंच सोडायचं. आमच्या कामात तेवढा एकच नेम आहे."

"आणि तुम्हाला यायला जमलं नाही तर?"

"बांधलंय मी. मी येईन."

त्यानंतर चार वर्षं ते दर पाडव्याआधी आले, दोर ताणून गेले. मीही अधूनमधून शिवाजीनगरला त्यांच्या दुकानात जायची. दुकान म्हणजे एक लांबट बोळ. गुडघ्यावर कॅनव्हास, हातात दाभण, मेणाची वडी आणि तोंडाने अखंड कुणाची तरी फिरकी. त्यांची सून आतून चहा आणायची. त्यांच्याबरोबर बाजारातून चालणं मात्र एक शिक्षा होती. ते कुणाच्याही सावलीवर पाय देत नसत. शिवाजीनगरच्या गर्दीत, दुपारी चार वाजता, जेव्हा माणसांपेक्षा सावल्या लांब असतात, हा सत्तरीचा माणूस बगळ्यासारखे पाय उचलत, वळसे घालत चालायचा. टपरीवाला ओरडायचा, "अण्णा, चहा गार होतोय, उडून या." हे म्हणायचे, "तुझ्या गिऱ्हाइकांना सांग, स्वतःचं स्वतः उचलून चाला." मी एकदा विचारलं, सावलीवर पाय पडला तर काय होतं? ते म्हणाले, "त्याला काही नाही होत. मला कळतं."

"काय कळतं?"

"कुणाची किती उरली ते." आणि माझा चेहरा बघून हसले. "थट्टा, अक्का. चहा घ्या." पण मी चालताना ते माझ्या उजवीकडूनच, उन्हाच्या बाजूने चालत राहिले.

बाबांचं आणि त्यांचं मैत्र बिनबोलाचं होतं. दोघे शेजारी बसत. बाबांना त्यांच्या आधी कधी कुणी यजमान म्हटलं नव्हतं. ए भैरू, अरे, डांबरवाला, एवढंच. पहिल्या वर्षी फुटवे हिरवे झाले. येल्लोजीरावांनी त्यांतला एक ठेवला आणि बाकीचे बाबांकडून काढवले, डाव्या हाताने, कात्रीने. बाबा कात्री लावायचे आणि मागे घ्यायचे. "याला तोडणं नाही म्हणत, यजमान. याला वाट देणं म्हणतात." दुसऱ्या वर्षी होंगे खुर्चीच्या पाठीइतका झाला, तिसऱ्या वर्षी कापडाच्या भोकातून डोकं काढलं. जुन्या मुळांचं झाड, त्याला वर यायची घाई होती. चौथ्या वर्षी पाडव्याआधी येल्लोजीराव आले तेव्हा त्याचा पसारा कापडाच्या वर पसरला होता. त्यांनी दोर ताणले नाहीत. वर न बघता खाली, फळ्यांवर पाहिलं आणि म्हणाले, "आता दोघांची सावली एकात एक पडते. अजून एक महिना. मग मी येऊन माझी काढून नेतो."

महिन्याने मी दोनदा फोन केला. लागला नाही.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. मी घरून काम करत होते, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, जिथून डेक दिसतो. बारा वाजून गेले होते. वारा अजिबात नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. मी लॅपटॉपवर मान घातली असेल ती फार तर पाच मिनिटं. वर पाहिलं तेव्हा काहीतरी वेगळं दिसत होतं आणि काय ते समजेना. मग समजलं. कापड नव्हतं. मी धावत बाहेर गेले. कुंड्यांना सावली नव्हती, खांबांना नव्हती, माझी माझ्या पायाखाली होती. कापड फळ्यांवर ठेवलेलं होतं. पडलेलं नाही, ठेवलेलं. चौपदरी घडी, आणि तिच्यावर चार दोर, प्रत्येकाचं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं वेटोळं, टोक मधल्या फासात खोचलेलं. येल्लोजीराव दोर असेच गुंडाळत.

बाबा खुर्चीत होते. चेहऱ्यावर पानांची सावली, अंगावर पानांची सावली, पायांवरही.

"बाबा, अण्णा आले होते?"

"आले. गेले."

"मला हाक मारली नाही?"

"तू कामात होतीस म्हणाले." मग फाटकाकडे बोट करून म्हणाले, "चपला बाहीर काढून आलेले."

मी फाटकापर्यंत गेले. फाटकाला आतून कडी होती.

तशीच ऑटोने शिवाजीनगरला गेले. दुकान बंद. मागच्या खोलीत येल्लोजीराव पलंगावर होते. सून म्हणाली, पंधरा दिवस झाले, न्हाणीत घसरले, कमरेचं हाड मोडलं, कूससुद्धा बदलता येत नाही, म्हणून फोन बंद करून ठेवलाय. तिला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, आणि त्यांच्याकडे बघून कुणी खोटं बोलूही शकलं नसतं. चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटत होतं. हात तेवढे बाहेर होते. दोन्ही तळव्यांवर दोराचे लाल वळ उमटले होते, ताजे.

त्यांनी डोळे उघडले. "उतरलं, अक्का?"

"उतरलं. कुणी सोडलं, अण्णा?"

"बांधणाऱ्यानं." मग जुन्या सुरात म्हणाले, "इंजिनिअर अक्का, तोंड मिटा. माशी जाईल."

ते माझ्याशी बोललेलं शेवटचं. पाचव्या दिवशी ते गेले. मी पोचले तेव्हा दुपार होती. गल्ली अरुंद, ऊन सरळ आत उतरलेलं. मांडवाचं सामान यायचं होतं. मुलगा म्हणत होता, बापाला मांडव घालणारा दुसरा कुणी मिळेना. पन्नासेक माणसं उभी होती. आणि मी पाहिलं की ती पसरून उभी नाहीत. दुकानाच्या दारापासून रस्त्याच्या मध्यापर्यंत, एका वळणावळणाच्या कडेच्या आत, खेटून उभी होती, जशी माणसं उन्हाळ्यात आपोआप सावली धरून उभी राहतात. वर काहीही नव्हतं. कुणी घाम पुसत नव्हतं. मी त्या कडेच्या आत पाय ठेवला आणि तिथे सगळ्यांबरोबर उभी राहिले.

परशराम म्हणतो, गाठी बाबांनीच सोडल्या असणार. जाळीच्या सोडल्या होत्या की. असेलही. जाळीच्या गाठी कमरेएवढ्या उंचीवर होत्या. कापडाच्या, मी स्टुलावर चढले तरी माझा हात पोचत नाही. मी शिकलेली बाई आहे, जे पाहिलं ते लिहिलं, जे कळलं नाही ते तसंच ठेवलं. कापड कपाटात आहे. दोरांची वेटोळी मी उलगडलेली नाहीत.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आमच्या घरातलं पहिलं झाड बाबांचं. रोज दुपारी बारा ते तीन, एप्रिलमध्येसुद्धा, माझा बाप उघड्यावर बसतो आणि त्याच्या अंगावर ऊन नसतं.